मँडोलिनच्या मागून चालणारी माणसं

नागपूरहून परतल्यापासून मिरजेत जो तो मला संत्र्यांबद्दल विचारतो. संत्री गोड होती, थंडी कडाक्याची होती, आणि मी आयुष्यात खाल्लेला सर्वांत तिखट रस्सा तिथंच खाल्ला, एवढं सांगून मी विषय संपवतो. चार दिवसांत जे खरं घडलं ते कट्ट्यावर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. शिवाय त्यात चूक माझी आहे. तेव्हा ते बसून लिहिलेलं बरं.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं, वाद्य तबला. मला मात्रा मोजायची खोड आहे. कुकरच्या शिट्ट्या, एसटीचा वायपर, शेजारच्यांचं कपडे आपटणं, काहीही चालू असलं की माझी बोटं मांडीवर चालायला लागतात. आमची ही म्हणायची की लग्नातल्या मंगलाष्टकांच्या वेळीही तुमचं लक्ष ताशेवाल्याकडे होतं. ते खरंही होतं.

बेसा, गुरुवार

माझी भाची मधुरा लग्न होऊन नागपूरला गेली त्याला आता अकरा वर्षं झाली. बेसा भागात, जिथं काल शेत होतं तिथं आज सात मजले उभे आहेत, अशा एका इमारतीत त्यांचा फ्लॅट आहे. जावई कामानिमित्त हैदराबादला असतात. घरी मधुरा आणि तिचे सासरे प्रभाकरराव, दोघंच. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. "मामा, या ना एकदा. बाबांचा बँड ऐका," असं ती कधीपासून म्हणत होती. रविवारी एका चर्चच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम होता, तो साधून मी गेलो.

प्रभाकरराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, किडकिडीत गृहस्थ. दारातच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "या मामाजी! थंडी लागून राहिली असंन. चहा घ्या पहिले." मधुराही आता तिकडचीच झाली आहे. स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली, "मामा, मी पाटवडी करून राहिली!" आणि मग स्वतःच हसली.

त्या पाटवडीच्या रश्श्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. कोल्हापूरकडच्या तिखटाची सवय असलेला माणूस मी, ऐटीत दोन वाट्या ओतून घेतल्या आणि तिसऱ्या घासाला उचकी लागली. आपल्याकडचं तिखट तोंडावर बोलतं, नागपूरचं पोटात गेल्यावर बोलतं. प्रभाकरराव लहान मुलासारखे खूश झाले. "मिरज हरली ना वं, मधुरा?"

जेवणानंतर त्यांनी मँडोलिन दाखवलं. सतारीच्या गावचा असून मी ते कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. आठ तारा, दोन-दोनच्या जोड्या, हातात मावेल एवढं वाद्य. त्यांचा बँड वाजवतो ते ब्लूग्रास नावाचं संगीत. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या शेतकरी-खाणकामगारांचं, निव्वळ तारांच्या वाद्यांचं. बँजो, व्हायोलिन, गिटार, मँडोलिन आणि उभा, माणसाएवढा बास.

"अन् तालवाद्य?" मी अर्थातच पहिल्यांदा तेच विचारलं.

"नाही. ना ढोलक, ना तबला, ना ड्रम. पहा." त्यांनी डाव्या हातानं तारा अर्धवट दाबून उजव्या हातानं एक कोरडा आघात केला. चक्. "बास देते पाऊल. दोन पावलांच्या मधात मी देतो हे. चक्. सगळे याच्या मागून चालतात. आमच्यातला तबला मीच हाव."

मी म्हटलं, लय कुणाकडे शिकलात? त्यावर ते हसले. त्यांचं बालपण कामठीचं. वडिलांचे आधी हातमाग, मग यंत्रमाग. "दहा मागाच्या आवाजात झोपलो मी. माग बंद पडला का जाग यायची. मले लय कोणी शिकवली नाही, मामाजी." पुढं गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात मँडोलिन हाती आलं, आणि सिनेमाची गाणी वाजवून त्यांनी पंचवीस वर्षं गाजवली. ऑर्केस्ट्रे बंद पडले तेव्हा मँडोलिन कपाटावर गेलं. ते खाली उतरवलं या बँडनं.

बोलताना त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. थंडी होती. मी काही मनात आणलं नाही.

कामठी, शुक्रवार

तालीम कामठीला असते, बास वाजवणाऱ्या सुभेदारांच्या घरी. मेट्रोनं शहर ओलांडायचं, पुढं शेअर ऑटो. ऑटोत आम्ही नऊजण होतो. मँडोलिनची पेटी प्रभाकररावांच्या मांडीवर होती, आणि एका अनोळखी बाईंनी आपली कोथिंबिरीची जुडी खुशाल तिच्यावर ठेवली. प्रभाकरराव काही बोलले नाहीत. मिरजेत मी भांडलो असतो.

या बँडचं नाव 'कन्हान रिव्हर बॉईज'. त्यात गाणारी शुभांगी आहे, हुडकेश्वरच्या प्राथमिक शाळेतली बाई. तिला विचारलं तर म्हणाली, "नाव ठेवलं तवा मी नव्हती. आता बदलाचं म्हटलं तर बॅनर छापून ठेवले ना यांनी!" तिचं सगळं गाणं आईच्या भजनी मंडळातलं. वरच्या पट्टीत उघडा, अणकुचीदार आवाज. हे अमेरिकन लोक गातातही नेमकं असंच, नाकात आणि वर. त्यामुळे तिला नवीन काही शिकावं लागलं नाही, फक्त टाळ सोडून गिटार घ्यावी लागली. गाण्यांचे विषयही आपल्या भजनातलेच वाटले मला: आई, नदी, मरण, आणि परक्या मुलखात हरवलेला मुलगा.

सुभेदार तुळशीराम छावणीतल्या फौजी बँडमध्ये पितळी वाद्य फुंकायचे. निवृत्तीनंतर पुढचे दात गेले आणि फुंकणं संपलं. "दात नाही तर बोटं आहेत," म्हणाले आणि एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा बास उचलून आणला. सॅम्युअल सर गणिताचे निवृत्त शिक्षक, तीन पिढ्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या घरातले. समोर स्वरलिपीचा कागद नसला की हात चालेना, अशी त्यांची अवस्था. कागदाशिवाय वाजवायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि त्या यशाचा आनंद गणितातल्या कुठल्याही यशापेक्षा मोठा होता असं ते म्हणाले. आणि पाचवा विनय, हे सगळं उभं करणारा. कॉम्प्युटर इंजिनियर, सात वर्षं अमेरिकेत. तिथल्या एकटेपणात दर गुरुवारी एका न्हाव्याच्या दुकानामागं म्हातारे जमून वाजवायचे, तिथं जाऊन बसायला लागला आणि बँजो शिकला. आईच्या आजारपणासाठी परत आला. "बँजो घेऊन आलो, पण चक् देणारा माणूस नव्हता. सहा महिने हुडकला. काका नसते तर बँड नसता," तो म्हणाला. प्रभाकरराव तेव्हा तारा जुळवत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

या लोकांची एक रीत मला फार आवडली. पाचजणांत माईक एकच. ज्याची पाळी तो पुढं सरकून माईकशी येतो, वाजवतो, आणि दुसऱ्याला वाट देत मागं सरकतो. कुणी कुणाला धडकत नाही, कुणी खूण करत नाही. तालमीला माईक नसतो म्हणून सुभेदारांच्या हॉलमधला कपडे टांगायचा लाकडी स्टँड मधोमध उभा केला होता. त्यावरचा एक मफलर तसाच लोंबत होता आणि ही पाच माणसं त्या मफलरभोवती फेर धरल्यासारखी आत-बाहेर होत होती. मला हसू आलं.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. माझी बोटं अर्थातच मांडीवर चालू होती. तिसऱ्या गाण्याला ती अडखळली. गाणं जलद सुरू झालं होतं. दुसऱ्या कडव्याला किंचित बसलं. तिसऱ्याला आणखी. शेवटच्या कडव्याला तर सुरुवातीचा निम्माच जोर उरला. चौथ्या गाण्याला मी घड्याळ काढून बघितलं. तेच.

लय उतरणं नवीन नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनात चाळीस वर्षं तेच ऐकलं. पण तिथं एक पोरगी पुढं, दुसरी मागं, असा गोंधळ असतो. इथं पाचहीजण एकदम, एका पावलानं, अलगद उतरत होते. उतरतानाही कुणाची सम चुकत नव्हती. मला त्याचं नवल वाटलं, आणि मास्तरकीला उधाण आलं.

चहा आला. सुभेदारांच्या सुनेनं तर्री घातलेले पोहे दिले. मी तोंडातला घास कसाबसा गिळून म्हणालो, "एक सांगू का? रागावू नका. तुमची लय उतरते. कडव्याकडव्याला उतरते. मँडोलिन थोडं बसलं की तुम्ही सगळे त्याच्याबरोबर बसता. विनयराव, तुमच्या बँजोनं जरा ओढून धरलं, तर सावरेल."

शुभांगी बशीकडे बघत राहिली. प्रभाकरराव हसत होते, मग हसायचे थांबले.

"काय म्हणून राहिले, विनय, हे?"

"काही नाही काका. मामांना आपली स्टाइल नवीन आहे ना."

"स्टाइल?" त्यांनी एकेकाकडे पाहिलं. सुभेदार भिंतीकडे बघत होते. शेवटी ते सॅम्युअल सरांकडे वळले. "सर, तुम्ही तरी खोटं बोलू नका. उतरते का माझी लय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हो, प्रभाकरभाऊ."

"केव्हापासून?"

"दीड वर्ष झालं."

प्रभाकररावांनी मँडोलिन पेटीत ठेवलं. पेटीची कडी त्यांना लागेना. हात थरथरत होता, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते दिसत होतं. कुणी मदतीला उठलं नाही. माझ्याच्यानंही उठवलं नाही. तिसऱ्या खेपेला कडी लागली.

परतताना ऑटोत आम्ही शेजारी बसलो होतो. पेटी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती.

बेसा, शनिवार

विनयचा फोन आधीच येऊन गेला होता, त्यामुळे आदल्या संध्याकाळी घरी आल्या आल्या मधुरानं मला गॅलरीत नेऊन सांगितलं होतं. कंपवात. डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं, पण बाबा सगळ्यांना अशक्तपणा म्हणत राहिले. बँडमधल्या चौघांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी आपापसात ठरवलं: काका जसे चालतील तसं आपण चालायचं. पुढं कुणी जायचं नाही. सगळ्यांत जलद गाणी त्यांनी एकेक करून काढून टाकली, आणि बाबांना सांगितलं की पब्लिकला आता संथ गाणी आवडतात. कार्यक्रम कमी झाले, दोन ठिकाणांहून परत बोलावणं आलं नाही. तरी कुणी ब्र काढला नाही.

"मला वाटलं तुम्हाला समजणार नाही मामा. विदेशी गाणी म्हणून. सांगून ठेवायला पाहिजे होतं मी," असं म्हणून ती रडायला लागली. चाळीस वर्षं ज्या कानाचा मी अभिमान बाळगला, त्याची मला शिसारी आली.

सकाळी प्रभाकरराव उन्हात खुर्ची टाकून संत्रं सोलत होते. फोडी बशीत मांडत होते, त्यातल्या दोन खाली पडल्या होत्या. मी समोर बसलो आणि माफी मागितली. सरळ मागितली, आडवळण घेतलं नाही.

"माफी कायले मागता?" ते म्हणाले. "हात गेला हे मले माहीत होतं. रोज दाढी करतो ना मी. पण कान तर माझा शाबूत आहे. मले काहून नाही समजलं, मामाजी? हे सांगा. मागावरचा माणूस मी. मले काहून नाही समजलं?"

मला उत्तर माहीत होतं. मागं पडणाऱ्याला आपण मागं पडलो हे कळतं ते पुढं जाणाऱ्याकडे बघून. यांच्या पुढं दीड वर्षात कुणी गेलंच नव्हतं. मी ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि एक फोड माझ्या हातात दिली.

मग ते आत गेले आणि मँडोलिन घेऊन आले. मधुराला म्हणाले, "वं मधुरा, तो स्टीलचा डबा दे मामाजीले." मला म्हणाले, "लय धरा. सरळ. मी मागं पडलो तर थांबू नका. तुम्हाले माझी शपथ आहे."

मी डबा मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत शेकडो मुलींना ठेका धरून दिला, पण असं जड कधी वाटलं नव्हतं. त्यांनी सुरुवात केली. चक्, चक्, चक्. काय सुंदर आघात होता तो! कोरडा, नेमका, दोन मात्रांच्या बरोबर मध्ये. मिनिटभर आम्ही दोघं अगदी एकजीव चाललो होतो. मनात आलं, डॉक्टर चुकले असतील, मी चुकलो असेन. मग एक आघात किंचित उशिरा आला. त्यांनी तो भरून काढला. पुन्हा एक आला. त्यांचा चेहरा घामेजला, ओठ आवळले गेले, मनगट ऐकेना. आता त्यांचा चक् माझ्या ठोक्यावरच येऊन आदळायला लागला. मी थांबलो नाही. शपथ होती. शेवटी तेच थांबले.

दारात मधुरा तोंडाला पदर लावून उभी होती.

"बस," ते म्हणाले. "समजलं."

त्यांनी विनयला फोन लावला. मी समोरच होतो. "हाव, मी बोलून राहिलो. उद्या येतो मी. वाजवणार नाही. चक् सॅम्युअल सरले देऊ दे व्हायोलिनवर, त्याईले जमते. अन् ऐक. ती काढून टाकलेली फास्ट गाणी सगळी घ्या. सगळी. नाही, रडू नको गा. दीड वर्ष मले फसवलं, आता एक दिवस माझं ऐक."

चर्चचं मैदान, रविवार

प्रार्थना अकराला संपली. मैदानात केकची आणि हातानं विणलेल्या स्वेटरांची टेबलं लागली होती. लहान मुलं उन्हात धावत होती. कडुलिंबाखाली छोटं स्टेज, त्यावर एकच माईक. प्रभाकरराव इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी मी, पलीकडे मधुरा.

चौघं वर आले आणि अर्धवर्तुळात उभे राहिले. सुभेदार आणि शुभांगी यांच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. सवयीनं सुटली की मुद्दाम सोडली, मला माहीत नाही. विनयनं माईकसमोर येऊन काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि त्याचा आवाज फुटला.

प्रभाकरराव खुर्चीतून ओरडले, "जवळ या ना! मधात कोणी नाही आता. कोणासाठी जागा सोडून राहिले?"

लोक हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. शुभांगी एक पाऊल सुभेदारांकडे सरकली. जागा भरली.

पहिलं गाणं त्यांनी भीत भीत वाजवलं. दुसऱ्यात सॅम्युअल सरांचा गज तारांवर कोरडा आपटायला लागला आणि ठेका बसला. तिसरं ते, दीड वर्ष काढून टाकलेलं, सगळ्यांत जलद. बँजोनं तोंड उघडलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. असं वाजवणारी माणसं होती ही! विनयची बोटं दिसत नव्हती. शुभांगीचा आवाज कडुलिंबाच्या वर गेला. पोरं धावायची थांबून स्टेजपाशी आली, केकच्या टेबलावरच्या बाया टाळ्यांनी साथ देऊ लागल्या. चौघं त्या माईकभोवती आत-बाहेर होत होते, आणि मी मात्रा मोजत होतो, मोजल्याशिवाय मला राहवत नाही.

"किती मस्त वाजवून राहिले," प्रभाकरराव हळूच म्हणाले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मामाजी, म्हणजे दीड वर्ष हे लोकं असे वाजवू शकत होते?"

"हो."

"अन् वाजवलं नाही."

"नाही वाजवलं."

मला त्यांच्याकडे बघवलं नाही, म्हणून मी स्टेजकडे बघत राहिलो. कुणीतरी आपल्यावर इतकं प्रेम करावं आणि ते आपल्याला असं कळावं, यापरतं वाईट काय असेल, असं तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

कार्यक्रम संपला तेव्हा लोक उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते, 'वन्स मोअर' म्हणत होते. चौघं खाली आले. कुणाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. चोरी करताना सापडल्यासारखे ते आमच्यासमोर उभे राहिले. इतकं छान वाजल्याची त्यांना लाज वाटत होती. शुभांगीनं वाकून प्रभाकररावांच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "काका, कसं झालं?"

प्रभाकररावांनी चौघांकडे नीट पाहिलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "झालं चांगलं. पण शेवटच्या गाण्यात लय उतरली थोडी. मी नसलो का असं होते. पुढच्या वेळी सांभाळून घ्या."

चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं मत हवं होतं. प्रभाकररावही माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो. "उतरली. शेवटी शेवटी जाणवलं मला."

विनयच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "हाव काका, उतरली ना," तो म्हणाला आणि डोळे पुसत हसायला लागला. सुभेदार ताठ उभे राहून म्हणाले, "पुढल्या टायमाले नाही उतरणार, प्रभाकरभाऊ."

चाळीस वर्षांत मी कुणाच्याही लयीबद्दल खोटं बोललो नव्हतो. शेवटचं गाणं मी पहिल्या मात्रेपासून अखेरपर्यंत मोजलं होतं. लय केसभरही उतरली नव्हती.